घोड्याला माणूस कळतो, माणसाला घोडा?

पाऊस उघडून भातखाचरे पिवळी पडू लागली, की दिवाळीच्या आगेमागे भोर तालुक्यातल्या रस्त्यांवर एक फार जुनी वाहतूक सुरू होते. पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यातले धनगर मेंढपाळ आपापले वाडे घेऊन पश्चिमेची वाट धरतात. नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाला वळसे घालत जाणारा भोर-महाड रस्ता, पुढे वरंध घाट आणि घाट उतरल्यावर कोकण, हा त्यांच्यापैकी अनेकांचा मार्ग. मेंढ्यांच्या कळपाबरोबर या वाड्यांचे घोडेही चालतात. त्यांच्या पाठीवर सारा संसार असतो: राहुटीचे कापड, भांडीकुंडी, धान्याची पोती, मेंढ्या कोंडण्याची वाघर, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि कधीकधी चालू न शकणारे लहान मूलसुद्धा. पुरुष मेंढ्यांमागे असतात. घोड्यांचे दोर बहुधा बायकांच्या हाती असतात.

याच रस्त्यांवर शनिवार-रविवारी पुण्याहून निघालेल्या मोटारींची रीघ लागते. कोणाला रायरेश्वर गाठायचा असतो, कोणाला रोहिडा, तर नसरापूरहून वळून वेल्ह्याकडे जाणाऱ्यांना राजगड आणि तोरणा खुणावत असतात. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला.) वळणावर मोटार आणि घोडा समोरासमोर येतात. चालकाला घाई असते, तो कर्णा वाजवतो. घोडा बिचकतो, आडवा होतो, ओझे कलते. मग ‘जनावर ते जनावरच’ असा शेरा मारून मोटार पुढे निघून जाते.

हा शेरा घोड्यावर अन्याय करणारा आहेच, शिवाय तो धोकादायकही आहे. घोडा बिचकतो तो बुद्धी नसल्यामुळे, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती अशी, की तो आपल्याहून अधिक पाहतो, अधिक ऐकतो आणि माणसाच्या बारीकसारीक हालचालींचा अर्थ लावत असतो. गेल्या काही वर्षांत या विषयावर जे संशोधन झाले, त्यातून एक गोष्ट वारंवार पुढे आली आहे. घोड्याची बुद्धी मुख्यतः माणूस ओळखण्याची आहे, आणि त्याची व आपलीही सुरक्षितता या बुद्धीची बूज राखण्यावर अवलंबून आहे.

गणित सोडवणारा घोडा

घोड्याच्या बुद्धीचा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे पहिल्यांदा गाजला तो जर्मनीत. विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाकडे हान्स नावाचा घोडा होता. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, तारीख-वार यांची उत्तरे तो खुराने जमिनीवर ठोके देऊन सांगत असे. ‘हुशार हान्स’ची कीर्ती एवढी पसरली, की १९०४ मध्ये त्याची तपासणी करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. समितीला त्यात कोणतीही लबाडी आढळली नाही.

रहस्य उलगडले ते ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसले, किंवा तो हान्सच्या नजरेआड असला, तर हान्सला उत्तर देता येत नसे. ठोक्यांची संख्या बरोबर उत्तरापर्यंत आली, की विचारणाऱ्याच्या मानेचा आणि चेहऱ्याचा ताण नकळत बदले. हा बदल केसभर असे. समोरच्या माणसाला तो आपण केला याची जाणीवही नसे. हान्सला मात्र तो दिसे आणि तो थांबे.

हान्सला गणित येत नव्हते, म्हणून अनेकांनी त्याला निकालात काढले. खरे तर त्याचा पराक्रम गणितापेक्षा मोठा होता. विद्वानांच्या समितीला जे दिसले नाही, ते त्या घोड्याला दिसत होते. घोड्याजवळ उभे असताना आपण काहीच सांगत नाही, असे ज्याला वाटते त्याने हान्सची आठवण ठेवावी. आपले खांदे, आपला श्वास, दोरावरची आपली पकड हे सारे बोलत असते आणि घोडा ते ऐकत असतो.

चेहरा वाचणे आणि लक्षात ठेवणे

हान्सनंतर शंभर वर्षांनी हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. ब्रिटनमधल्या ससेक्स आणि पोर्टस्मथ विद्यापीठांतील संशोधकांनी २०१५ मध्ये घोड्याच्या चेहऱ्यावरच्या स्नायूंच्या हालचालींची पद्धतशीर सूची तयार केली. त्यात १७ स्वतंत्र हालचाली नोंदल्या गेल्या. माणसाच्या चेहऱ्यासाठी अशीच सूची आहे, तीत २७ हालचाली आहेत. कुत्र्याच्या १६ आहेत, चिंपांझीच्या १३. म्हणजे ‘घोड्यासारखा लांब चेहरा’ आपण समजतो तितका मुका नाही. डोळ्यावरची कातडी किंचित उचलली जाणे, नाकपुड्या आवळणे, ओठ घट्ट मिटणे या सर्वांना अर्थ असतो.

घोडाही माणसाचा चेहरा वाचतो. २०१६ मध्ये ससेक्सच्या संशोधकांनी २८ घोड्यांना अनोळखी माणसांची मोठी छायाचित्रे दाखवली. काही हसरी, काही रागावलेली. रागीट चेहरा दिसताच घोडे मान वळवून तो डाव्या डोळ्याने पाहू लागले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढले. डाव्या डोळ्याने पाहिलेले मेंदूच्या उजव्या भागाकडे जाते आणि अनेक प्राण्यांत धोक्याची दखल हा भाग घेतो.

दोन वर्षांनी, २०१८ मध्ये याच गटाने पुढचा प्रश्न विचारला. घोड्यांना एका माणसाचे हसरे किंवा रागीट छायाचित्र दाखवण्यात आले. काही तासांनी तोच माणूस निर्विकार चेहऱ्याने प्रत्यक्ष त्यांच्यासमोर उभा राहिला. कोणत्या घोड्याने कोणते छायाचित्र पाहिले आहे, हे त्या माणसाला सांगितलेले नव्हते; हान्सचा धडा संशोधक विसरले नव्हते. ज्यांनी रागीट चित्र पाहिले होते, ते घोडे त्याच्याकडे अधिक सावधपणे, डाव्या डोळ्याने पाहत राहिले. केवळ चित्रात पाहिलेला राग त्यांनी माणसाच्या नावावर मांडून ठेवला होता.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. घोड्यावर एकदा उगारलेला चाबूक त्या क्षणापुरता राहत नाही. मारणारा कोण होता, हे घोडा लक्षात ठेवतो. जुने मोतद्दार आपल्या घोड्याशी बोलत, त्याला खरारा करत आणि रागात असताना त्याच्यापुढे जाणे टाळत. त्यामागे पुस्तकी ज्ञान नसेल, पण निरीक्षण पक्के होते.

मागणे, सांगणे, नियम ओळखणे

घोडे माणसाला वाचतात, तसेच ते माणसाला काही सांगूही शकतात. नॉर्वेतील संशोधकांनी २०१६ मध्ये २३ घोड्यांना तीन फलकांची ओळख करून दिली. एका फलकाचा अर्थ ‘अंगावर झूल घाला’, दुसऱ्याचा ‘झूल काढा’ आणि तिसऱ्याचा ‘आहे तसे राहू द्या’. रोज थोडा वेळ शिकवून दोन आठवड्यांत सर्वच्या सर्व घोडे हे शिकले. त्यानंतर त्यांना मोकळी निवड दिली, तेव्हा थंडी-पावसात त्यांनी झूल मागितली आणि उबदार हवेत ती काढायला सांगितली. आपल्याला काय हवे हे त्यांना आधीपासूनच कळत होते. सांगण्याची सोय तेवढी नव्हती.

जपानमधल्या कोबे विद्यापीठातील संशोधकांचा २०१७ मधला प्रयोगही बोलका आहे. गाजरे अशा बादलीत ठेवली, की ती माणसालाच उघडता यावी. घोडे आपल्या रखवालदाराजवळ गेले, त्याच्याकडे पाहत राहिले, त्याला नाकाने ढोसू लागले. विशेष असे, की गाजरे लपवताना ज्या रखवालदाराने पाहिले नव्हते, त्याला त्यांनी अधिक खुणा केल्या. या माणसाला ठाऊक आहे की नाही, याचा काही अंदाज घोडा बांधतो, असे यावरून दिसते.

ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाचा २०२४ मधला प्रयोग तर ‘घोडा मठ्ठ आहे’ असे म्हणणाऱ्यांना विचार करायला लावणारा आहे. २० घोड्यांना कागदाच्या पत्त्याला नाक लावल्यावर खाऊ मिळे. मग नियम बदलला: दिवा लागलेला असताना नाक लावले तर खाऊ नाही. घोडे दिव्याकडे दुर्लक्ष करून नाक लावतच राहिले. त्यांना नियम कळला नाही, असे वाटले. त्यानंतर चूक केल्यास दहा सेकंद खेळ थांबवण्याची शिक्षा ठेवली, आणि घोड्यांच्या चुका जवळजवळ तत्काळ घटल्या. नियम त्यांना आधीच कळला होता. चुकण्याची किंमत नसल्याने त्यांनी तो पाळण्याचे कष्ट घेतले नव्हते, एवढेच. लक्षात घेण्याजोगे हे, की या शिक्षेत मारहाण नव्हती, ओरडणे नव्हते. दहा सेकंदांचा खंड पुरेसा ठरला.

बिचकण्यामागचे शहाणपण

एवढा शहाणा प्राणी मग रस्त्यावरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीला का बिचकतो? कारण त्याचे शहाणपण घडले ते उघड्या माळांवर, शिकारी जनावरांच्या सावटाखाली. आजच्या पाळीव घोड्यांचे मूळ व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या गवताळ प्रदेशात, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या कळपांत असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. माणसाची सोबत घोड्याला चार हजार वर्षांची. पळून जीव वाचवण्याची सवय त्याहून कितीतरी जुनी.

त्याचे शरीर या सवयीसाठीच बनलेले आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला सुमारे ३५० अंशांतले दिसते. दोनच जागा त्याच्या नजरेआड राहतात: कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या थेट मागे. घोड्याच्या मागून आणि अधिकाऱ्याच्या पुढून जाऊ नये, या आपल्या म्हणीचा पूर्वार्ध शरीरशास्त्राला धरून आहे. मागून अचानक आलेल्याला घोडा पाहू शकत नाही, म्हणून आधी लाथ झाडतो आणि मग वळून पाहतो. तो लाथ मारतो ती दुष्टपणाने नव्हे. त्याच्या हिशेबी तिथे लांडगा असू शकतो.

उजेडातून अंधारात गेल्यावर घोड्याचे डोळे सरावायला माणसापेक्षा अधिक वेळ लागतो. रात्री समोरून प्रखर दिवे आल्यावर त्याला काही काळ रस्ताच दिसत नाही. माणसाचे कान सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी टिपतात, घोड्याचे ३३,००० हर्ट्झच्याही पुढे जातात. दोन्ही कान स्वतंत्रपणे वळतात. आपल्याला जी केवळ ब्रेकची करकर वाटते, ती त्याच्या कानात किती तीक्ष्ण वाजत असेल, याची कल्पना करावी. शहरातल्या वरातींत ध्वनिवर्धकाच्या भिंतीपुढे आणि फटाक्यांच्या माळांमध्ये घोड्याला तासन्‌तास उभे करतो, तेव्हा आपण त्याच्या सर्वांत संवेदनशील इंद्रियावर घाव घालत असतो.

तिथे तो शांत उभा असतो, असे कोणी म्हणेल. पण शांत उभा असलेला प्रत्येक घोडा निश्चिंत असतोच असे नाही. फ्रान्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये शिकवणीच्या तबेल्यांतल्या घोड्यांचा अभ्यास केला. त्यांतले काही घोडे मान पाठीच्या पातळीत ताठ ठेवून, कान न हलवता, नजर एका जागी खिळवून उभे राहत. भोवतालच्या हालचालींना ते फारसा प्रतिसादच देत नसत. संशोधकांनी या अवस्थेची तुलना माणसाच्या खिन्नतेशी केली. पळण्याची वाट बंद झाली, की काही घोडे लढतात आणि काही आतून मिटतात.

रस्ता कोणाचा?

भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर या साऱ्याचा रोजच्या व्यवहाराशी थेट संबंध येतो. पूर्वेकडून भोरकडे येणाऱ्या वाड्यांना पुणे-सातारा महामार्ग ओलांडल्यावाचून गत्यंतर नसते. कापूरहोळ, किकवी, सारोळे या भागांत महामार्गावरची वाहने कोणत्या वेगाने जातात, हे सांगायला नको. पुढे घाटरस्त्यावर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. बिचकलेल्या घोड्याला पळायचे म्हटले तरी जागा नसते आणि त्याच्या पाठीवर कुणाचा तरी संसार असतो.

मोटारचालकाने अशा वेळी करायचे ते फार अवघड नाही. कळप दिसताच वेग चालण्याच्या गतीइतका कमी करावा. कर्णा वाजवू नये. घोड्याला आणि घोडेवाल्या बाईला मोटार आलेली केव्हाच कळलेली असते. रात्री दिवे खाली करावेत. दोर धरणाऱ्याने हाताने खूण केल्यावरच पुढे जावे आणि जाताना मधे जेवढे अंतर ठेवता येईल तेवढे ठेवावे. घोडी आणि तिचे शिंगरू यांच्या मधून कधीही वाहन काढू नये. आईकडे धावत सुटलेले शिंगरू वाहनाखाली येण्याचा धोका सर्वांत मोठा. वळणावर घोडा अडून उभा राहिलाच, तर इंजिन बंद करून दोन मिनिटे थांबावे.

पायी जाणाऱ्यांनाही काही पथ्ये आहेत. घोड्याकडे समोरून किंवा मागून न जाता खांद्याच्या बाजूने, हलक्या आवाजात बोलत जावे. धन्याची परवानगी आधी घ्यावी. एकदम नाकावर किंवा कपाळावर हात नेऊ नये, तिथे त्याला दिसत नाही. मानेवरची आयाळ जिथे संपते, तिथल्या उंचवट्यावर हळू खाजवावे. घोडे एकमेकांना खाजवतात ते याच जागी, आणि तिथे खाजवल्याने त्यांच्या हृदयाची गती मंदावते, हे १९९३ मध्येच नोंदले गेले आहे. कान मागे पडले, शेपटी झटकू लागली, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, तर तिथूनच मागे फिरावे. दोर हाताभोवती गुंडाळणे तर कटाक्षाने टाळावे. घोडा उधळला तर गुंडाळलेला हात सुटत नाही.

सहलीला आलेली मंडळी प्रेमाने घोड्यांना पाव, बिस्किटे, उरलेल्या पुऱ्या घालतात. हे प्रेम त्याच्या जिवावर बेतू शकते. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले चुकीचे अन्न बाहेर टाकण्याचा मार्गच त्याच्याकडे नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, त्यात आम्ल अखंड पाझरत असते आणि म्हणून त्याला दिवसाचा बराचसा काळ थोडेथोडे चरत राहावे लागते. पोटशूळ हे घोड्याच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. जलाशयांच्या काठी टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या त्यात भर घालतात.

पालकांकडूनही काही अपेक्षा आहेत. मुक्कामी घोडा दूर जाऊ नये म्हणून त्याला पायबंद घालतात. रानात ते समजण्यासारखे आहे. मात्र रस्त्यालगत पायबंद घातलेला घोडा भरधाव वाहनापुढून बाजूला होऊच शकत नाही. म्हणून तळ रस्त्यापासून जेवढा आत तेवढा बरा. रात्री वा पहाटे चालताना ओझ्याला मागे-पुढे प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या लावल्या, तर चालकाला घोडा दुरून दिसतो. खोगिराखाली घडी पडलेले पोते पाठीला जखम करते आणि दुखऱ्या पाठीचा घोडा अधिक बिचकतो. खिळा लागलेल्या खुरातून घोड्याला धनुर्वात लवकर होतो, म्हणून त्याची लस चुकवू नये. फिरत्या जनावरांसाठी १९६२ या क्रमांकावर बोलावता येणाऱ्या फिरत्या पशुचिकित्सा पथकाची सोय आहे.

पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी

घोड्याची जपणूक ही या मुलखाला शिकवण्याची गोष्ट नव्हे. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे हा स्वराज्याचा पाळणा. राजगडावरून शिवाजी महाराजांनी दोन दशकांहून अधिक काळ कारभार पाहिला. मराठी घोडदळाची जी व्यवस्था त्या काळात बांधली गेली, तिचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे सैन्याची सर्वांत लहान तुकडी आखतानाच घोड्याला पाणी कोण पाजणार आणि त्याचे खूर कोण पाहणार, हे ठरवलेले होते. दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी पिणाऱ्या प्राण्यासाठी पखालजी ही चैन नव्हती.

राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूणजवळ छावणीला असलेल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. ते आज मुख्यतः रयतेच्या रक्षणासाठी स्मरले जाते. त्यात घोड्यांचाही विचार तितकाच बारकाईने आहे. साठवलेली वैरण आणि दाणा आताच बेहिशेबी उडवला, तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. पेटता दिवा आणि चुलीचा विस्तव यांमुळे गवताच्या गंजी आणि पागा जळू नयेत, याचीही ताकीद त्यात दिली आहे. घोड्याच्या मृत्यूची जबाबदारी त्याच्या सांभाळणाऱ्यावर टाकणारे हे शासन साडेतीनशे वर्षांपूर्वीचे आहे.

कायदा काय म्हणतो

स्वतंत्र भारतात ही जबाबदारी कायद्याने मांडली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० मध्ये झाला आणि ओढकाम व ओझ्याच्या जनावरांसाठीचे नियम १९६५ मध्ये आले. या नियमांनुसार तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो ओझे लादता येते, खेचराच्या पाठीवर २०० किलो. अशा जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक, किंवा विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर दुपारी बारा ते तीन या वेळेत त्याला कामाला जुंपणे मना आहे. काटेरी लगाम वा टोकदार काठी वापरण्यासही बंदी आहे.

थंड हवेच्या ठिकाणी घोड्यावर बसून रपेट मारू पाहणाऱ्या शहरी पर्यटकाने या ७० किलोंच्या आकड्याशी स्वतःचे वजन एकदा ताडून पाहावे. घोडेस्वारीच्या क्षेत्रात सर्वसाधारण संकेत असा, की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावे. अडीचशे किलोच्या तट्टासाठी हे ५० किलो होतात. पाठीवर जखम आहे का, घोडा लंगडतो का, जवळ पाणी ठेवले आहे का, एवढे पाहून मगच पैसे देणारा ग्राहक कायद्याच्या अंमलबजावणीला मोठा हातभार लावू शकतो. मुंबईत हौसेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या, त्यामागेही घोड्यांच्या हालअपेष्टांचाच मुद्दा होता.

उरलेले घोडे

२०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे आणि तट्टे होती. २०१९च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत जवळपास निम्मी. मोटारसायकल आणि टेम्पो यांनी घोड्याचे काम घेतले, चराऊ राने आक्रसली आणि घोडा पाळणे परवडेनासे झाले. भोर-वेल्ह्यातून जाणाऱ्या वाड्यांचे लहानखुरे, काटक घोडे दख्खनच्या जुन्या भीमथडी परंपरेतले मानले जातात. एकेकाळी मराठी घोडदळाचा कणा असलेल्या या भीमथडी घोड्याची अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. ती जात आजवर टिकली त्यात मोठा वाटा मेंढपाळांचा आहे. शर्यतींच्या तबेल्यांनी किंवा संग्रहालयांनी जे केले नाही, ते या माणसांनी चालता चालता केले.

नोंदणीने जात कागदावर सुरक्षित होते. जिवंत घोडा मात्र रस्त्यावर असतो, आणि तिथे त्याचे रक्षण कोणतेही प्रमाणपत्र करत नाही. ते त्याच्या शेजारून जाणाऱ्या माणसाच्या हाती आहे. घोड्याने आपल्याला समजून घेण्याचे काम केव्हाच केले आहे. आपला राग, आपली घाई, आपली भीती त्याला दिसते आणि ती तो लक्षात ठेवतो. पुढच्या खेपेस तो आपल्याला पाहून कान टवकारील की मागे पाडील, हे आपण आज त्याच्याशी कसे वागतो त्यावर ठरणार आहे.